आधी हात, मग खिसा

माणूस समोर आला की कुणी त्याचा चेहरा बघतं, कुणी पायातल्या चपला. दूर माओरींच्या देशात, पापाकुरा गावात राहणारी सुनीता बघते ती त्याचा फोन कुठे आहे ते. हातात आहे, पर्सच्या तळाशी बुडालाय, की बिचारीने काखेत धरलाय. पुरुष असेल तर मागच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावतोय, की शर्टाचा खिसा ओढून त्याने खांदाच वाकडा केलाय. एवढं बघून झालं की तिची नजर सावकाश वर चेहऱ्यापर्यंत येते आणि ती म्हणते, "या, बसा." हे 'बसा' नुसतं म्हणण्यापुरतं. तिच्या गॅरेजात एकच स्टूल, आणि त्यावर मशीनसमोर ती स्वतः. बाकी सगळीकडे कापड, आणि कापडात टाचण्या. आलेली बाई उभीच राहते, आरशासमोर उभ्यानेच माप देते, उभ्यानेच घालून बघते आणि खूश होऊन जाते. या उभं राहण्याला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

ज्या गॅरेजात गाडी असायची तिथे शिलाई मशीन, आणि गाडी बाहेर पावसात. "गॅरेज आहे म्हणून हे घर घेतलं," तिचा नवरा गुरुदत्त आल्यागेल्याला सांगतो, "आणि ते मिळालं कुणाला, तर चिंध्यांना." कुंपणापलीकडे रेल्वेचे रूळ आहेत. सकाळी धुकं त्या रुळांवरून उठून अंगणात येतं, आणि धुक्यातून शहराकडे जाणारी गाडी गेली की मशीन बंद असूनही त्याची सुई क्षणभर थरथरते. सुनीताला ती थरथर आवडते. तेवढा वेळ ती हात थांबवते आणि कुठेतरी बघत राहते. कुठे, ते तिलाही सांगता येणार नाही. बासष्ट वर्षांची बाई, पण अशा वेळी चेहऱ्यावर वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीचा भाव असतो.

ती ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, नऊवारी साडी शिवून देते. पण तिचं नाव झालं ते खिशांमुळे. देशातून हौसेने आणलेल्या कुडत्यांना खिसे नसतात, परकराला नसतात, आणि शरारा वगैरेंना तर खिसा म्हणजे अपमानच. आणि इथे तर हात मोकळे पाहिजेत. एका हाताने मुलाची बाबागाडी ढकलायची, दुसऱ्याने छत्री सांभाळायची, वारा छत्री उलटी करणार ते वेगळंच. मग फोन ठेवायचा कुठे? त्यासाठी सुनीता. खिळ्याला तिने खिशांच्या मापांचे खाकी कागद टांगून ठेवलेत. सगळ्यात आतला कागद तळहाताएवढा, जेव्हा फोन घडी घालून मिटायचे तेव्हाचा. मग दरवर्षी कागद वाढत गेला. फोन पातळ झाले, देखणे झाले, आणि कुठेच मावेनासे झाले. नाकापेक्षा मोती जड. लोक गुळगुळीत, आरशासारखा फोन पसंत करतात, आणि निसटून पडू नये म्हणून त्यावर जाड रबरी आवरण चढवतात. म्हणजे जे रूप बघून घेतलं ते पुन्हा कधी कुणाच्या नजरेला पडत नाही. यावर सुनीता हसत नाही. तिला ते कळतं. सुंदर वस्तू जवळ असावी, एवढंच माणसाला हवं असतं. दिसलीच पाहिजे असं नाही.

फोनच काय, सगळं तिच्याकडे येतं. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई कमरेचा पेजर घेऊन येतात, कुणी कानात घालायच्या बोंडांची डबी, कुणाच्या सासऱ्यांना हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र दोन दिवस अंगावर बाळगायचं असतं. सुनीता ती वस्तू हातात घेते, वजन करते, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवते आणि डोळे मिटते. मग असा खिसा शिवते की शोधून सापडू नये. शिवणीत शिवण मिसळलेली, चुणीत तोंड दडलेलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती म्हणते. पापाकुरापासून टाकानिनीपर्यंतच्या मराठी बायका एकमेकींच्या अंगावर सुनीताचा खिसा शोधायचा खेळ खेळतात आणि हरतात. तिला त्याचा अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवलाही नाही. लपवायची नाही अशी तिच्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती.

स्वतःचा फोन मात्र ती गळ्यात अडकवते. सुती दोऱ्याची पिशवी, त्यात जुना छोटा फोन, सुईदोरा आणि चोचीसारखी बारीक कात्री. त्याला काही नटवायचं तिच्या मनात कधी आलं नाही.

खिसा शिवायला ती शिकली हेन्डरसनला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. देशातून आल्यावर पहिली काही वर्षं ती दोघं तिथे राहत होती, आणि डोंगरात फिरणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या आणि रेनजॅकेटं शिवणाऱ्या एका कारखान्यात तिला काम मिळालं होतं. तिथली सुपरवायझर माओरी होती. सगळे तिला फाया म्हणत; आपण मावशी म्हणतो तसं. फायाने तिला पहिल्याच आठवड्यात जाड लोकरीचे हातमोजे घातले, डोळ्यांवर पट्टी बांधली, अंगात सुनीतानेच शिवलेलं जॅकेट चढवलं आणि म्हणाली, आता बीकन काढ. बीकन म्हणजे डोंगरात वाट चुकलेल्याने मदतीसाठी दाबायची छोटी डबी. सुनीता चाचपडत राहिली. तिचा खिसा अतिशय सुबक होता, आणि बोटांना तो काही केल्या सापडेना.

"तू वाट चुकली आहेस," फाया शांतपणे म्हणाली. "धुकं आहे, हात गारठलेत. आता मेलीस." मग तिने सुनीताचा हात धरून सैल सोडला. तो जिथे आपोआप अंगाला टेकला तिथे खडूने खूण केली. "आधी हात, मग खिसा. खिसा कापडाचा नसतो, हाताचा असतो."

सुनीताने ते पाठ केलं. कारखान्यात असेपर्यंत पाळलंसुद्धा. पण स्वतःचं मशीन घेतल्यावर तिच्याकडे आल्या त्या काही डोंगरात हरवणाऱ्या बायका नव्हत्या. त्यांना हळदीकुंकवाला जायचं होतं. त्यांचं मागणं एकच, दिसता कामा नये. आणि हे मागणं सुनीताला फायाच्या आधीपासून ओळखीचं होतं.

कारण तिने आयुष्यातला पहिला खिसा शिवला तो कऱ्हाडला, आईसाठी, तेराव्या वर्षी. आईला ऐकू कमी यायचं. मामाने मुंबईहून श्रवणयंत्र आणलं. तेव्हाची यंत्रं म्हणजे काड्यापेट्यांचा अर्धा पुडा असावा तेवढी डबी, तिला बारीक जाळी, आणि डबीतून कानापर्यंत वळवळत गेलेली वायर. आई ती डबी पदराला पिन लावून अडकवायची. आळीतली पोरं तिला 'आकाशवाणी' म्हणत. सुनीताने हे ऐकलं त्या दिवशी ती घरी येऊन रडली, आणि मग शेजारणीच्या मशीनवर बसून तिने आईच्या पोलक्याला आतून एक खिसा शिवला. डबी आत, वर पोलकं, वर पदर. वायर अंबाड्याच्या मागून. काही म्हणजे काही दिसेना. आईने आरशात पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं.

"कसं वाटतंय?" सुनीताने खुणेने विचारलं.

"झाडाखाली बसल्यासारखं," आई म्हणाली. "नुसती सळसळ."

यापेक्षा मोठं बक्षीस तिला पुढे कधी मिळालं नाही. आईने तो खिसा शेवटपर्यंत वापरला. पोलकी बदलत, सुनीता प्रत्येकाला नवा खिसा शिवून देई. लग्न होऊन गेली तरी माहेरपणाला आली की आधी तेच काम. आई गेल्यावर मामाने विचारलं, काय हवं तुला? तिने ती डबी मागितली. ती आता बटणांच्या डब्यात असते. कधी गाडी गेल्यावर हात थांबले की सुनीता त्या डब्याकडे बघते, आणि तिला वाटतं, आई कुठल्याशा मोठ्या झाडाखाली बसलेली आहे आणि पानं हलतायत.

गेल्या वर्षी नीलिमा आपल्या मुलीला घेऊन गॅरेजात आली. नीलिमा टाकानिनीच्या फार्मसीत फार्मासिस्ट आहे. तिथल्या नव्या वसाहतीत सगळी घरं सारखी, आणि त्या सगळ्या घरांतले लोक नीलिमाला ओळखतात. मुलगी इशिता, सत्तावीस वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, बोलताना अर्ध्या वाटेवर इंग्रजीत शिरते. तिचं लग्न ठरलं होतं ऋतुराजशी. नीलिमाने टेबलावर आपली स्वतःच्या लग्नातली नऊवारी पैठणी ठेवली, डाळिंबी रंगाची, मोरांच्या काठापदराची. ती बघून सुनीताने आधी हात धुतले.

"ही शिवून द्यायची," नीलिमा म्हणाली. "हिला नेसून सावरता येणार नाही. कात्री लावायला जीव धजत नाही माझा, पण लावा. एकदाच लावा, सुनीताताई. पुन्हा नको."

"आणि खिसा," इशिता म्हणाली.

तिने जीन्सच्या पट्ट्याला अडकवलेली काळी डबी काढून पुढे धरली. पत्त्यांच्या कॅटाएवढी. तिच्यातून निघालेली केसाइतकी बारीक नळी टीशर्टखाली गेलेली, आणि पोटावर एका चिकटपट्टीत संपलेली. नवव्या वर्षापासून इशिताला मधुमेह आहे, इन्सुलिनशिवाय जगताच येत नाही असला. अंगात जे बनत नाही ते ही डबी थेंबाथेंबाने रात्रंदिवस देते. लहान असताना तिने त्यावर डॉल्फिनचे स्टिकर लावले होते. हायस्कूलमध्ये गेल्यावर ती कपड्यांत कुठेकुठे लपवली, कारण पोहायच्या तासाला टॉग्ज, म्हणजे पोहायचा पोशाख, घातला की मुली टक लावून बघत. आता ती उघड कमरेला असते आणि कुणी विचारलं तर ती सांगते, माझं पॅनक्रियास बाहेर राहतं.

"फोटोत दिसता कामा नये," नीलिमा म्हणाली. "फोटो जन्मभर राहतात. ऋतुराजच्या घरी सगळं माहीत आहे, तसं नाही. पण निम्मं वऱ्हाड पुण्याहून येतंय. नवरीच्या कमरेला हे काय, म्हणून एकेकाला मी सांगत बसू?"

"मावशी, honestly, मला दिसण्याचं काही नाही," इशिता म्हणाली. "मला फक्त हात पोचला पाहिजे. ते बीप झालं की मला बघावं लागतं."

सुनीताने ऐकलं. पण तिची बोटं आधीच पैठणीच्या काठावरून फिरत होती. त्या भारी कापडाच्या निऱ्या कशा पडतील, त्या निऱ्यांच्या पोटात डबी कशी नाहीशी होईल, हे तिला दिसायला लागलं होतं. "माझ्यावर सोड," ती म्हणाली. "ब्रह्मदेवाला सापडणार नाही."

नऊवारी शिवायला तिने महिना घेतला. ती तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर शिलाई होती, यात वाद नाही. पोटाच्या डाव्या अंगाला, निऱ्यांच्या मागे खिसा. त्याला मऊ अस्तर. आणि तिसऱ्या-चौथ्या निरीच्या मधे, काठाच्या सावलीत, हात आत जायला फट. सकाळच्या धुक्यात ती शिवायला बसली की तिला वेळेचं भान राहत नसे. चहा गार होई, गुरुदत्त दारात येऊन परत जाई. तिला वाटायचं, आपण एका मुलीला घडी घालून तिच्या आईच्या लग्नात ठेवतोय.

घालून बघायच्या दिवशी इशिता आरशासमोर उभी राहिली. वळली. हात निऱ्यांत घातला, डबी काढली, ठेवली. चार वेळा. "मावशी, sweet as, एकदम मस्त," ती म्हणाली. नीलिमाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिघी बायका उभ्या होत्या आणि आरसा उभा होता. बसून बघ, असं कुणी म्हणालं नाही. म्हणणार कसं? बसायला जागाच नव्हती.

लग्न एप्रिलमध्ये, म्हणजे इथल्या पानगळीत लागलं, पापाकुराच्या एका हॉलमध्ये. बाहेर झाडं पिवळी झाली होती, आणि उन्हात ऊब कमी आणि सोनं जास्त होतं. गुरुजी म्हणून चारुदत्त. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवार सत्यनारायण असा त्याचा संसार. हॉलमध्ये धूर होऊ द्यायचा नाही अशी अट असल्याने होम इतकासा, की त्यावर पापडही भाजला नसता. मंगलाष्टकं उभ्याने झाली, अंतरपाट दूर झाला, इशिता हसली आणि सगळे हसले. डबी कुठेही दिसत नव्हती. सुनीता तिसऱ्या ओळीत बसून नुसती निऱ्यांकडे बघत होती.

मग नवरा-नवरी पाटांवर बसली. पाट नीलिमाने खास पुण्याहून सामानात आणवले होते. इशिताने मांडी घातली, आणि सुनीताच्या निऱ्या, ज्या उभ्याने झऱ्यासारख्या पडत होत्या, त्या एकावर एक चढून मांडीत गच्च बसल्या.

चारुदत्तने मंत्र सुरू केले तर स्पीकरमधून शब्द येईनात. नुसता खसखसाट, वाऱ्यात पानं घासावीत तसा. साउंड सांभाळणारा ऋतुराजचा मित्र शार्दूल मागून पुढे आला. "गुरुजी, माईक उपरण्याखाली गेलाय. तुमचं काहीच ऐकू येत नाही, नुसतं कापड ऐकू येतंय." त्याने माईक काढून गुरुजी आणि नवरीच्या मधे छोट्या स्टँडवर लावला. सुनीताला काहीतरी आठवतंय असं वाटलं, पण काय ते आठवेना, आणि तेवढ्यात दुसरंच सुरू झालं.

स्पीकरमधून आवाज आला. पीं, पीं, पीं. थोडं थांबून पुन्हा.

सगळ्या हॉलने वर बघितलं. छताला धुराचा अलार्म होता. "धूर झाला वाटतं," कुणी म्हणालं. दोघांनी खिडक्या उघडल्या. हॉल सांभाळणारी दणकट बाई किचनमधून टी-टॉवेल घेऊन धावत आली आणि अलार्मखाली उभी राहून तो झेंड्यासारखा फिरवू लागली. चारुदत्तने घाबरून होमावरची एक समिधा काढूनसुद्धा घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दीडशे माणसं छताकडे बघत होती, आणि आवाज नवरीच्या मांडीतून येत होता.

सुनीता वर बघत नव्हती. ती इशिताचा हात बघत होती. मेंदीने भरलेला, हिरव्या चुड्याचा तो हात निऱ्यांवरून फिरत होता, दोन निऱ्यांत शिरत होता, अडत होता, बाहेर येत होता. फट मिटली होती. तिच्यावर कापडाचे थर चढले होते आणि त्या सगळ्यांवर इशिता स्वतः बसली होती. हात पुन्हा चाचपडला. आणि सुनीताच्या डोळ्यांवर कुणी पट्टी बांधावी तसं झालं. जाड हातमोजे, धुकं. आता मेलीस.

ती उठली. वाटेतल्या पायांवर पाय देत, माफी न मागता, ती नवरीजवळ जाऊन जमिनीवर बसली.

"नळी दुमडली," इशिता हळू म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. "इन्सुलिन जात नाहीये. I think बराच वेळ. आधी नुसतं थरथरत होतं, मला वाटलं मीच थरथरतेय."

"उभी राहा," सुनीता म्हणाली. पण पदराला ऋतुराजच्या शेल्याची गाठ होती, पुढे होम होता, आणि उठायला गेल्यावर इशिताला गरगरलं. ऋतुराजने तिला धरून पुन्हा बसवलं.

नीलिमा आली. "काय झालं? पाच मिनिटं थांबता येईल का? एवढा होम होऊ दे," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिने पर्समधून इशिताचा फोन काढला. तिनेच सकाळी तो गप्प करून ठेवला होता, लग्नात वाजू नये म्हणून. पडद्यावर इशिताच्या दंडावरच्या सेन्सरने पाठवलेला रक्तातल्या साखरेचा आकडा होता. सुनीताला आकड्यातलं कळत नाही. तिने नीलिमाचा चेहरा बघितला. फार्मसीच्या काउंटरमागे शांत उभी राहणारी ती बाई क्षणभर अगदी लहान दिसली. मग ती मुलीजवळ टेकली, आपल्या लग्नातल्या त्या डाळिंबी कापडावर तिने एकदा हात ठेवला आणि उचलून घेतला.

"कापा, सुनीताताई."

सुनीताने गळ्यातल्या पिशवीतून चोचीची कात्री काढली. शिवण उसवत बसायला वेळ नव्हता, आणि उसवून भागणारही नव्हतं. ज्या काठावरून तिची बोटं महिनाभर फिरली होती तो काठ तिने मधोमध कापला. जर कापताना कात्रीला करकर आवाज येतो. माईक समोरच होता, त्यामुळे तो आवाज सगळ्या हॉलने ऐकला, आणि मग कुणी छताकडे बघेना.

डबी बाहेर आली. नळीला पडलेली घडी इशिताने बोटांनी सरळ केली, बटणं दाबली, वाट बघितली. पीं थांबलं. ती डबीच्या पडद्याकडे बघत राहिली, आणि मग मान हलवून म्हणाली, "जातंय." ऋतुराजने तिला पाणी दिलं. नीलिमा फोन हातात धरून तिथेच जमिनीवर बसून राहिली; आकडा उतरू लागेपर्यंत ती तिथून हलली नाही आणि चारुदत्तनेही पुढचा मंत्र म्हटला नाही.

"आता हिला कुठे ठेवू?" इशिताने विचारलं.

सुनीता म्हणाली, "हात सैल सोड."

इशिताने सोडला. तो उजव्या मांडीच्या वर, कमरेखाली, जिथे आपोआप टेकला तिथे सुनीताने कुंकवाच्या बोटाने खूण केली. मग कापून निघालेला काठाचा तुकडा दुमडून, मोर वर येईल असा, तिने तिथे बाहेरून टाचला. मोठे मोठे टाके, धाग्याचा रंगही जुळत नव्हता. असलं काम तिने कारखान्यातही कधी केलं नव्हतं. सगळ्यांच्या देखत लग्नाच्या साडीला बाहेरून खिसा लागला, आणि डबी त्यात जाऊन बसली, अर्धी दिसत.

सप्तपदीला इशिता चालली तेव्हा त्या खिशात एक हिरवा दिवा अधूनमधून लुकलुकत होता. नीलिमाने सवयीने पुढे होऊन पदर त्यावर ओढला. दोन पावलांनी तो सरकला. तिने पुन्हा हात पुढे केला, मग तो तसाच मागे घेतला. त्या क्षणाचा फोटो आहे. नीलिमाने तो आता घरच्या हॉलमध्ये लावलाय. पुण्याहून आलेल्या मावळणीने विचारलं, हे काय गं कमरेला, तर इशिताच्या आधी नीलिमाच म्हणाली, "तिचा जीव आहे."

त्या संध्याकाळी सुनीता घरी आली ती थेट गॅरेजात गेली. गुरुदत्तने दारातून विचारलं, "लोक तुझं कौतुक करत होते. मग तोंड का पाडून?" ती आरशासमोर जाऊन उभी राहिली. त्याने आतून एक खुर्ची आणून आरशासमोर ठेवली आणि तो गेला. ती खुर्ची आता तिथेच असते. सुनीता 'बसा' म्हणते तेव्हा माणसाला बसावंच लागतं, वाकावं लागतं, मांडी घालून दाखवावी लागते. खिसे अजूनही सुबक असतात, पण शोधायचा खेळ आता कुणी खेळत नाही, कारण ते दिसतात.

पण ते पुढचं. त्या संध्याकाळी ती खुर्चीवर बसून राहिली. बाहेर अंधारत होतं. कानात अजून तो खसखसाट होता, पानं घासावीत तसा, आणि शार्दूलचं वाक्य. तुमचं काहीच ऐकू येत नाही, नुसतं कापड ऐकू येतंय.

झाडाखाली बसल्यासारखं. नुसती सळसळ.

तिने बटणांचा डबा उघडला. आईची डबी हातात घेतली. जाळी. आवाज आत जायची जागा ती. त्या जाळीवर तिने तेराव्या वर्षी पोलकं शिवलं होतं, त्यावर पदर घेतला होता, आणि मग वर्षानुवर्षं, प्रत्येक माहेरपणाला, नवं कापड. लोक म्हणायचे, सुनीताची आई किती गोड, कुणी काही बोलो, नुसती हसते. आता तिला कळलं की आई का हसायची. आईला काही ऐकूच येत नव्हतं. आणि पोरीने रडून, हौसेने शिवलेला खिसा नको म्हणायचा तर पोरीला काय वाटेल, म्हणून ती जन्मभर त्या झाडाखाली बसून राहिली. सुनीताला खूप रडू आलं. तिने ते येऊ दिलं.

मग तिने दिवा लावला, अंगातला ब्लाउज बदलला आणि काढलेल्या ब्लाउजला, छातीवर, बाहेरून, एक साधा चौकोनी खिसा मारला. तो पुन्हा अंगात घातला. डबी त्यात ठेवली, जाळी बाहेर करून. त्यात सेल नव्हता, वायर कधीच तुटली होती, हे तिला माहीत होतं.

कुंपणापलीकडून गाडी आली. सुई थरथरली, बटणं डब्यात किणकिणली, लांबवर कुणाचा तरी कुत्रा भुंकला. सुनीताने छातीवरचा पदर बाजूला केला.

"ऐक," ती म्हणाली.